नारळ वाढवा, पण डेटा ‘वाढवू’ नका

मराठी घरात नारळ फोडत नाहीत, वाढवतात. रात्री दुकान बंद करत नाहीत, तेही वाढवतात. बांगडी फुटली तरी ती ‘वाढवली’. निघताना ‘जातो’ म्हटलं की आजी दारातून मागे बोलावते आणि ‘येतो म्हण’ असं बजावते. फुटण्याचं, संपण्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, ही आपली जुनी रीत. ऐकणारा आपल्यातलाच असतो म्हणून ती चालते. ‘नारळ वाढव’ म्हटल्यावर कोणी नारळाला खतपाणी घालायला जात नाही.

माझ्या धंद्यातही हीच रीत आहे, आणि तिथं ती आता मोडायला हवी असं माझं मत आहे. डेटा कायमचा नष्ट करणाऱ्या आज्ञांना आम्ही सॉफ्टवेअरवाले काय नावं देतो पाहा. क्लीनअप, पर्ज, प्रून, रीसेट, रिफ्रेश, सिंक. वाचून वाटावं, कोणी दिवाळीची साफसफाई काढली आहे किंवा बागेत कात्री चालवतंय.

मी पुण्यात गेली वीसेक वर्षं टेक्निकल रायटर आहे. सोसायटीत अजून विचारतात, ‘म्हणजे नक्की काय करता?’ तर दुसऱ्यांनी बनवलेलं सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते लिहून ठेवतो. बाणेर, हिंजवडी, खराडी या पट्ट्यात आमच्यासारखे पुष्कळ आहेत, आणि आपलं लिखाण कोणी वाचत नाही याबद्दल आमच्यात एकमत होतं. ते खरंही होतं. गेल्या दोन-एक वर्षांत मात्र आम्हाला एक असा वाचक मिळाला, जो शब्दन् शब्द वाचतो आणि वाचून झालं की लगेच अंमल करतो. तो म्हणजे एआय एजंट.

ज्यांचा याच्याशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एजंट म्हणजे नुसतं उत्तर न देता सांगितलेलं काम स्वतः करणारा एआय प्रोग्राम. त्याला काम सांगितलं की त्याच्यापुढे टूल्सची, म्हणजे त्याला चालवता येतील अशा छोट्या प्रोग्राम्सची, एक यादी असते. प्रत्येक टूलचं नाव, दोन-चार ओळींचं वर्णन, आणि कोणकोणत्या रकान्यांत काय भरायचं ते. बहुतेक वेळा एवढंच. टूलच्या आतला कोड त्याला दिसत नाही, ते लिहिणारा अमोल की अनघा त्याला माहीत नाही. त्या दोन-चार ओळी वाचून तो टूल निवडतो, रकाने भरतो आणि चालवतो. म्हणजे पूर्वी जे डॉक्युमेंटेशन टूलच्या बाहेर, कुठल्या तरी फोल्डरमध्ये धूळ खात पडलेलं असायचं, ते आता टूलचाच भाग झालं आहे. स्टिअरिंगसारखा.

मागच्या वर्षी एका कामात हे मला चांगलंच समजलं. एका खात्यातल्या नोंदी उडवणारं टूल होतं, नाव ‘क्लीनअप रेकॉर्ड्स’. वर्णन एका ओळीचं: ‘जुन्या किंवा नको असलेल्या नोंदी स्वच्छ करते.’ दोन रकाने होते. एक खातं क्रमांकाचा. दुसरा ‘या तारखेआधीच्या’, आणि हा ऐच्छिक. एजंटला सांगितलं होतं, ‘या ग्राहकाची एक नोंद दोनदा पडली आहे, त्यातली दुबार काढून टाक.’ त्यानं यादी पाहिली, ‘नको असलेल्या नोंदी’ हे शब्द त्याला लागू वाटले, खातं क्रमांक भरला, आणि तारखेचा रकाना ऐच्छिक म्हणून मोकळा सोडला. तारीख मोकळी असेल तर हे टूल खात्यातलं सगळंच उडवतं. तसं ते उडालं. टूलनं उत्तर दिलं, ‘क्लीनअप पूर्ण’. एजंटनं त्यावरून आम्हाला अत्यंत नम्रपणे कळवलं की दुबार नोंद यशस्वीरीत्या काढण्यात आली आहे.

डेटा चाचणीचा होता म्हणून एका दुपारवर भागलं. नंतरच्या मीटिंगमध्ये निम्मे लोक म्हणाले, एजंटला भास झाला. मी गप्प होतो, कारण ती एक ओळ माझी होती. बरीच वर्षं आधी, शुक्रवारी संध्याकाळी घरी जायच्या घाईत लिहिलेली. दुबार नोंद ‘नको असलेली’ नसते तर काय असते? त्यानं माझं वाक्य जसं होतं तसं वाचलं होतं.

गंमत अशी की तेच टूल त्याआधी वर्षानुवर्षं विनाअपघात चाललं. कारण डॉक्युमेंटेशन अपुरं असलं तरी टपरी पुरी होती. नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात कटिंग आणि क्रीमरोल खाताना कोणी तरी सांगायचंच, ‘क्लीनअपला तारीख दिल्याशिवाय हात लावू नकोस हं, मागे एकानं लावला होता.’ आमच्या धंद्यातलं निम्मं ज्ञान असं टपरीवर राहतं. एजंट टपरीवर येत नाही.

आणि दुसरं म्हणजे भीती. माणसाच्या मनात भीती असते. एंटर दाबण्याआधी बोट थबकतं, शेजारच्याला विचारलं जातं, ‘अरे, हे प्रोडक्शन, म्हणजे ग्राहकांचा खरा चालू डेटा, तर नाही ना?’ कित्येक टूल्स या भीतीच्या भरवशावर अर्धवट सोडलेली असतात. मायएसक्यूएल या डेटाबेसला आज्ञा टाइप करून द्यायच्या प्रोग्रामला ‘सेफ अपडेट्स’ नावाचा पर्याय आहे. तो लावला की अट न घालता केलेला डिलीट नाकारला जातो. त्याच पर्यायाचं दुसरं अधिकृत नाव आहे ‘आय ॲम अ डमी’. म्हणजे सावधपणा हवा असेल तर स्वतःला आधी मठ्ठ म्हणवून घ्या. आमच्या जमातीचा विनोद आणि आमच्या जमातीचा माज, दोन्ही त्या एका नावात आहेत.

हे फक्त एजंटचं दुखणं आहे असं कोणी समजू नये. ॲटलासियन या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत ५ एप्रिल २०२२ ला जे झालं त्यात एजंट कुठंच नव्हता. त्यांना ग्राहकांच्या साइटवरून एक जुनं ॲप काढायचं होतं. एका टीमनं दुसऱ्या टीमला क्रमांकांची यादी दिली. ते क्रमांक ॲपचे असायला हवे होते, पण होते अख्ख्या साइटचे. ज्या आज्ञेला ती यादी दिली ती दोन्ही प्रकारचे क्रमांक मुकाट्यानं स्वीकारत होती. ॲपचा दिला तर ॲप जायचं, साइटचा दिला तर साइट. ‘हा क्रमांक कशाचा आहे’ असं तिनं विचारलं नाही. २३ मिनिटांत ८८३ साइट गेल्या, ७७५ ग्राहकांच्या. सगळ्यांचं सगळं परत यायला चौदा दिवस लागले. त्या स्क्रिप्टची तपासणी झालेली होती; तपासणाऱ्यांनी कोणती आज्ञा कशी बोलावली आहे ते पाहिलं होतं, क्रमांक कशाचे आहेत ते पाहिलं नव्हतं. कंपनीनं हे सगळं नंतर स्वतःच सविस्तर प्रसिद्ध केलं, याबद्दल त्यांना मानलं पाहिजे.

आता माणसांच्या जागी एजंट ठेवा. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या सॉफ्टवेअर बनवून देणाऱ्या सेवेच्या एजंटनं एका वापरकर्त्याचा चालू डेटाबेस उडवला. बदल करू नकोस असं स्पष्ट बजावलेलं असताना. एक हजारावर व्यावसायिकांच्या नोंदी त्यात होत्या. वर एजंटनं सांगितलं की हे आता परत आणता येणार नाही. त्या गृहस्थांनी तरीही प्रयत्न करून पाहिला, तर डेटा परत आला. मला यातलं दुसरं अर्ध जास्त महत्त्वाचं वाटतं. काय परत येतं, कुठून येतं, किती दिवसांपर्यंत येतं, हे एजंटला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसताना तो ठामपणे बोलला, हा त्याचा दोष आहेच. पण परतीची वाट त्याच्या डोळ्यांसमोर लिहून ठेवलेली असायला नको होती का?

आमच्या त्या टूलचं वर्णन मी पुन्हा लिहायला बसलो तेव्हा काय झालं ते सांगतो, कारण सगळा मुद्दा तिथंच आहे. मी प्रामाणिकपणे पहिलं वाक्य लिहिलं: ‘तारीख दिली नाही तर खात्यातल्या सगळ्या नोंदी कायमच्या नष्ट होतात.’ ते वाक्य वाचून टूल लिहिणारा मुलगा ओशाळला. वर्षानुवर्षं जे वागणं कोडमध्ये निवांत बसलं होतं, ते मराठी-इंग्रजी कुठल्याही भाषेत सरळ लिहिल्यावर सहन होईना. ‘हे असं छापायचं?’ म्हणाला. मी म्हटलं, छापायचं नसेल तर बदल. त्यानं तासाभरात तारीख सक्तीची केली. त्याचा मॅनेजर म्हणाला, डॉक्युमेंटेशनसाठी कोणी कोड बदलतं का? बदलावा. उलट मी म्हणेन, नष्ट करणारं टूल असेल तर वर्णन आधी लिहावं, ते चारचौघांत मोठ्यानं वाचावं, आणि वाचवत नसेल तर कोडला हात घालावा.

शेवटी वर्णन झालं ते साधारण असं: ‘एका खात्यातल्या, दिलेल्या तारखेआधीच्या सर्व नोंदी कायमच्या नष्ट करते. नष्ट झालेल्या नोंदी कोणत्याही टूलनं परत आणता येत नाहीत. एखादीच नोंद काढायची असेल तर हे वापरू नका, त्यासाठी वेगळं टूल आहे. दुबार नोंदी एकत्र करायच्या असतील तर मर्ज वापरा. बॅकअपमधल्या प्रतींना हे टूल हात लावत नाही, त्या ३५ दिवसांनी आपोआप जातात. तोवर त्या फक्त ॲडमिनला लेखी विनंती करून मिळतात. उत्तरात किती नोंदी नष्ट झाल्या तो आकडा येतो. आकडा शून्य असेल तर काम झालं असं कळवू नका. खातं चुकीचं असू शकतं, माणसाला विचारा.’

यात सुंदर असं काही नाही. पण ‘कशासाठी वापरू नका’ ही दोन वाक्यं मला बाकी सगळ्यांहून मोलाची वाटतात. टूल काय करतं हे सगळेच लिहितात. ते शेजारच्या टूलहून वेगळं कुठं आहे, हे कोणी लिहीत नाही, आणि एजंट घोटाळा करतो तो नेमका तिथंच.

एकानं सुचवलं की वर मोठ्या अक्षरात ‘सावधान! अतिशय धोकादायक!’ टाकू. मी टाकू दिलं नाही. पुणेरी पाट्यांची चेष्टा जगभर होते, पण बंगल्याच्या फाटकावरची चांगली पाटी ‘सावधान’ वगैरे म्हणत बसत नाही. ‘फाटकासमोर गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल.’ काय केल्यावर काय होईल, संपलं. सगळ्याच टूलांवर ‘सावधान’ लिहिलं तर एजंट तरी काय करणार, सगळ्यांनाच तेवढाच घाबरेल, म्हणजे कोणालाच नाही.

सध्या एजंट आणि टूल यांना जोडण्याची जी पद्धत रूढ होते आहे, एमसीपी म्हणतात तिला, तीत टूलवर खुणा करायची सोय आहे. हे फक्त वाचतं की बदल करतं, नाश करतं की नाही, दोनदा चालवलं तर जास्तीचा परिणाम होतो की नाही. नाशाबद्दल काहीच लिहिलं नसेल तर ‘नाश करतं’ असंच धरायचं, हे त्यात ठरवून ठेवलंय. शहाणपणाचं आहे. पण त्याच दस्तऐवजात असंही आहे की या खुणा म्हणजे इशारे आहेत, हमी नाही. टूल पुरवणाऱ्यावर विश्वास नसेल तर त्यांच्यावर विसंबू नका. तेव्हा खूण केली म्हणजे लिहिण्यातून सुटलो असं नाही.

आता ‘खात्री आहे का?’ या प्रश्नाबद्दल. माणसासाठी ती चौकट उपयोगी होती, निदान अर्धा सेकंद थांबवायची. एजंटसाठी बनवलेल्या टूलमध्ये लोक त्या चौकटीचा एक रकाना करतात: ‘कन्फर्म’, त्यात ‘ट्रू’ भरायचं. एजंटच्या दृष्टीनं तो भरायचा आणखी एक रकाना, तो भरतो. आपणच विचारायचं आणि आपणच हो म्हणायचं, याला खात्री म्हणत नाहीत. त्यापेक्षा आधी नुसतं दाखवायचं की अमुक खात्यातल्या इतक्या नोंदी जातील, सोबत ओटीपीसारखा एक कोड द्यायचा, तो माणसानं परत दिला तरच पुढं जायचं. आणि हा क्रम वर्णनात लिहायचा, ‘हा कोड स्वतः वापरू नका’ या वाक्यासकट.

एरर मेसेज हेही डॉक्युमेंटेशनच असतं, हे तर आम्ही रायटर लोकही विसरतो. गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलमध्ये, मूळ कोडमध्ये अजून न मिसळलेली ब्रँच (कामाची वेगळी शाखा) स्मॉल डीनं काढायला गेलं तर गिट नाही म्हणतं, आणि लगेच सांगतं की खात्री असेल तर कॅपिटल डी वापरा. कुलपाला किल्ली बांधून ठेवल्यासारखं. माणूस ते वाचून विचारात पडतो, निदान पडावा अशी अपेक्षा आहे. काम पूर्ण करायचंच असं सांगून पाठवलेला एजंट कॅपिटल डी वापरतो.

हा झाला इंग्रजीतला मामला. वापरणारा मराठी बोलणारा असेल तर आणखी मजा. आपलं ‘काढणे’ हे क्रियापद घ्या. बँकेत खातं काढलं म्हणजे उघडलं. खातं काढून टाकलं म्हणजे गेलं. ‘त्याची माहिती काढ’ म्हणजे शोधून आण, ‘त्याची माहिती काढून टाक’ म्हणजे पूस. पैसे काढले तर हातात येतात, नाव काढलं तर कधी घराण्याची कीर्ती वाढते आणि कधी यादीतून माणूस जातो. फोनमध्ये डिलीटला ‘हटवा’ लिहितात. हटवा म्हणजे बाजूला सारा, की नाहीसं करा? आणि ‘माझं खातं बंद करा’ म्हणणाऱ्याला जुनी बिलं हवी असतात की नको असतात? बहुतेकांना हवी असतात.

आमच्या सोसायटीच्या गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवणारं ॲप आहे. पुण्यात आता कुठल्या सोसायटीत नाही? कामाला येणाऱ्या मावशींचा फोटो, मोबाइल, कोणत्या फ्लॅटमध्ये किती वाजता, सगळं त्यात. मावशींनी आमच्या इथली कामं सोडली. शेवटच्या दिवशी गेटवर थांबून नव्या वॉचमनला म्हणाल्या, ‘दादा, माझा फोटो काढा त्यातून.’ त्यानं टॅब उचलला आणि त्यांचा नवा फोटो काढला. आम्ही सगळे हसलो, मावशीही हसल्या. मग मी माझ्या फोनवरून त्यांचं नाव ‘रिमूव्ह’ केलं. नंतर सवयीनं त्या बटणाचं मदतीचं पान उघडून वाचलं. एकच ओळ होती: ‘मदतनीस तुमच्या यादीतून काढा.’ तुमच्या यादीतून. म्हणजे फोटो जातो की नाही, नंबर जातो की नाही, इतर पाच फ्लॅटांच्या यादीत काय राहतं, अक्षर नाही. उद्या याच ॲपच्या चॅटमध्ये एजंट बसेल. मावशी त्याला मराठीत सांगतील, तो याच बटणाला हात घालेल आणि ‘तुमची माहिती काढण्यात आली आहे’ असं सांगेल.

म्हणून हा प्रश्न आमच्या धंद्यापुरता राहत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतेक जबाबदाऱ्या पाळायला अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. कायद्याच्या १२व्या कलमानं माणसाला आपली माहिती दुरुस्त करून घ्यायचा आणि मिटवून घ्यायचा हक्क दिला आहे. अशा विनंत्या हजारोंनी यायला लागल्या की कंपन्या त्या निपटायला माणसं बसवतील असं मला वाटत नाही. एजंट बसवतील. आणि याच कायद्यात एक बाब आहे जिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष गेलंय. डेटाच्या उल्लंघनाची जी व्याख्या आहे तीत माहिती फुटणं तर आहेच, पण चुकून नष्ट होणंही आहे. एकाची माहिती मिटवताना त्याच्याच नावाच्या दुसऱ्याची मिटली, तर तेही उल्लंघन. जोशी, कुलकर्णी, शिंदे, जाधव यांच्या गावात नावावरून माणूस ओळखणारं टूल ठेवणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. मोबाइल नंबरचंही तेच. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला मिळतो.

शिवाय मिटवायला सांगितलं तरी मिटवायचं नसतं अशाही गोष्टी आहेत. बँकेनं केवायसीची कागदपत्रं खातं बंद झाल्यावरही पाच वर्षं ठेवायचीच असतात. एजंटनं तिथं ‘नाही’ म्हणायचं आणि का नाही तेही सांगायचं. हे त्याला कळणार कुठून? ज्यानं टूलचं वर्णन लिहिलं त्यानं लिहिलं असेल तर.

माझे बाबा एका सरकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात होते. लहानपणी मी तिथं गेलो की मला कापडी रुमालात बांधलेले गठ्ठे मोजायला बसवायचे. कागद चार वर्गांत: ‘अ’ म्हणजे कायम ठेवायचे, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ त्याहून कमी, आणि ‘ड’ म्हणजे काम संपल्यावर वर्षभरानं नष्ट करायचे. सरकारी टेबलावरच्या सहा गठ्ठे पद्धतीतही एक गठ्ठा या ‘ड’चाच. त्या गठ्ठ्याला ‘स्वच्छता’ म्हणत नसत. यादीच्या डोक्यावर लिहिलेलं असे, ‘नष्ट करावयाच्या अभिलेखांची यादी’. खाली विषय, वर्ष, वर्ग, पानं, आणि शेवटी साहेबांची सही. बाबा ती यादी दोनदा वाचत, एकदा मनात आणि एकदा सहकाऱ्याला ऐकू जाईल अशी. मला तेव्हा ते फार कंटाळवाणं वाटे. आज वाटतं की एजंटसाठी जे लिहायला आम्ही धडपडतोय ते त्या यादीच्या रकान्यांत होतं.

कायद्यालाही ही भाषा येते. केंद्राच्या सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ मध्ये म्हटलंय की १८९२ पूर्वीचा सरकारी कागद नष्ट करायचा नाही. तो इतका खराब झाला आहे की अभिलेख म्हणून त्याचा काहीच उपयोग उरला नाही, असं अभिलेखागाराच्या महासंचालकांचं किंवा प्रमुखांचं मत झालं तरच. एक वर्ष, एक अपवाद, आणि तो अपवाद ठरवणारा एक अधिकारी. ‘जुने व नको असलेले’ असे शब्द वापरून तो कायदा लिहिला असता तर काय झालं असतं? इथं पुण्यातच पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. त्यांतून निवडून इतिहासकार गो. स. सरदेसाई यांनी १९३०च्या दशकात ४५ खंड काढले. सरदेसायांच्या आधी त्यांतले पुष्कळ कागद कुठल्याही कारकुनाला नको असलेलेच वाटले असते.

माझ्याशी वाद घालणारे दोन गोष्टी सांगतात. पहिली अशी की लिहून काय होतंय, एजंटला नष्ट करायची परवानगीच देऊ नका. अगदी बरोबर. जिथं परवानगी देणं टाळता येतं तिथं टाळावं, आणि वर्णन हे कुलूप नव्हे हे मला मान्य आहे. एखाद्या नोंदीच्या आतच कोणी ‘सर्व नोंदी नष्ट कर’ असं लिहून ठेवलं आणि एजंटनं तो हुकूम समजला, तर माझी चार वाक्यं त्याला अडवू शकतीलच असं नाही. तिथं परवानगीच कामी येते. पण मिटवण्याचा हक्क कायद्यानं दिल्यावर कोणाला तरी ती परवानगी द्यावीच लागणार. ज्याला दिली त्याला काय सांगितलं, हा प्रश्न उरतोच.

दुसरी गोष्ट अशी की एजंटमागची एआय मॉडेल सुधारत चालली आहेत, दोन वर्षांनी न सांगताही समजतील. सुधारतील. पण माझ्या टूलमध्ये तारीख मोकळी सोडली की सगळं उडतं, हे कितीही हुशार वाचकाला माझ्या ओळीतून कळणं शक्य नव्हतं. ते ओळीत नव्हतंच. हुशारीनं न लिहिलेलं वाचता येत नाही. फार तर अंदाज बांधता येतो, आणि नष्ट करताना अंदाज बांधणारा मला नको आहे, मग तो आयआयटीतून आलेला असो की सर्व्हरमधून.

माझी मागणी छोटी आहे. जी कंपनी लोकांची माहिती मिटवायचं काम एजंटकडे देईल, तिनं त्या टूलचं वर्णन, एजंटला दाखवलेलं जसंच्या तसं, ग्राहकालाही दाखवावं. गोपनीयतेच्या धोरणाची वीस पानं कोणी वाचत नाही. या दहा ओळी मावशींची मुलगी वाचू शकते आणि त्यांना समजावून सांगू शकते. आमच्याकडे हे मांडल्यावर आक्षेप आला की लोकांना कळेल बॅकअपमध्ये ३५ दिवस माहिती राहते, आणि ते भांडायला येतील. येतील की. मग ३५चे सात करता येतात का ते बघू. कमी करता येत नसतील तर का नाहीत ते लिहू.

परवा संध्याकाळी पाहुण्यांना घ्यायला गेटवर उतरलो होतो. वॉचमन टॅबवर बोट सरकवत पाहुण्यांची नोंद शोधत होता. मध्येच मावशींचा फोटो सरकून गेला, त्या दिवशी काढलेला, हसरा. खाली बारीक अक्षरात ‘रिमूव्ह्ड’ असं लिहिलेलं होतं.